भाग क्रमांक ६१२, म्हणजे झेंडा

मुलांच्या हातून एखादी वस्तू घडवून घ्यायची असेल, तर त्या वस्तूला मुलांचे हात लागू न देणं ही पहिली अट आहे. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत हे तत्त्व सापडत नाही. ती पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या मुलांचे प्रकल्प बहुधा त्यांच्या बायका शेजारच्या खोलीत करत असाव्यात, म्हणून राहून गेलं असेल.

आमच्या मुलीच्या शाळेला मात्र ते पक्कं ठाऊक आहे. (शाळेचं नाव सांगत नाही. मुलगी अजून तिथेच आहे आणि तिला दहावीपर्यंतची वर्षं तिथेच काढायची आहेत.) दिवाळीची सुट्टी संपली त्या सोमवारी तिसरीच्या पालकांच्या ग्रुपवर वर्गशिक्षिका तेजस्वी मॅडमची सूचना आली. ती जशीच्या तशी देते.

"विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, 'आपला सागरी वारसा' या विषयावर जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी प्रदर्शन आयोजित केले आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने शिडाच्या जहाजाची कागदी प्रतिकृती स्वतः तयार करून आणावी. पालकांनी कोणतीही मदत करू नये. काम सुबक, प्रमाणबद्ध व उच्च दर्जाचे असावे. उत्कृष्ट प्रतिकृती वर्षभर कार्यालयात ठेवण्यात येईल व विद्यार्थ्याचे नाव फलकावर लिहिण्यात येईल."

यातल्या दोन वाक्यांचं एकमेकांशी जमत नाही, असं एखाद्या बिनमुलांच्या माणसाला वाटेल. तसं नाही. मदत म्हणजे दुसऱ्याच्या कामाला लावलेला हातभार. सगळंच काम आपण केलं तर ती मदत उरत नाही, आणि नियम मोडायचा प्रश्नच येत नाही. सूचनेखाली तीन मिनिटांत एक्केचाळीस अंगठे उमटले. एकाही आईने शंका विचारली नाही.

आम्ही रेवदंड्याला राहतो. आमच्या मागच्या दारातून खाडी दिसते. दारापासून साठ पावलांवर (मोजलेली आहेत, मुलगी असलेल्या बाईने अशी अंतरं मोजून ठेवावीत) गुणाजीबाबांची जागा आहे. गुणाजीबाबा चाळीस वर्षं होड्या बांधतात आणि दुरुस्त करतात. त्या हिवाळ्यात तिथे एक अख्खी होडी कुशीवर झोपवलेली होती. म्हणजे सागरी वारसा आमच्या धुण्याच्या दोरीपासून हाकेच्या अंतरावर पडलेला होता.

साहजिकच आम्ही जहाज ऑनलाइन मागवलं.

संच परदेशी होता. तीन डोलकाठ्या, सतरा शिडं, बत्तीस तोफा, एकूण भाग सहाशे बारा, सगळे जाड कागदाच्या चौदा तावांवर छापलेले. वयोगट 'चौदा वर्षांवरील'. इरा आठ वर्षांची आहे, पण तिचे आईवडील चौदा वर्षांवरील असल्यामुळे सरासरी जुळत होती. सूचनापुस्तिका पोलिश भाषेत होती. ओंकारने (माझे यजमान, थळच्या कारखान्यात सुरक्षा विभागात आहेत) ती फोनवर भाषांतरित केली. तिसऱ्या पायरीला फोन म्हणाला, "आता पोट आतून वाळू द्या व बरगड्यांना राग येऊ देऊ नका." आम्ही दोघांनी ते गंभीरपणे पाळलं. सुदैवाने जहाजाच्या बरगड्या खरोखरच शांत स्वभावाच्या निघाल्या.

मागच्या बाजूला जहाजाचं नाव पोलिश अक्षरांत होतं. त्यावर मी 'समुद्रलक्ष्मी' अशी पट्टी चिकटवली. वारसा आपला झाला.

ओंकार कारखान्यात कुणालाही लेखी परवान्याशिवाय साधा बल्ब बदलू देत नाही. घरीही त्याने पहिल्याच रविवारी धोक्यांचं मूल्यांकन केलं. कागद फ्रिजवर चिकटवला. त्यात होतं:

कात्री : बोट कापण्याचा धोका. जबाबदार व्यक्ती, आई.
कटर : बोट जास्त कापण्याचा धोका. जबाबदार व्यक्ती, बाबा.
गम : तोंडात, केसांत, सोफ्यावर. जबाबदार व्यक्ती, आई.
समुद्रावरची दमट हवा : कागद फुगण्याचा धोका. उपाय, जहाज देवघरात ठेवणे. जबाबदार व्यक्ती, देव.
इरा : जहाजाला धोका. उपाय, सुरक्षित अंतर.

सुरक्षित अंतर साठ पावलं ठरलं. दर रविवारी, आणि रोज शाळेतून आल्यावर, आम्ही इराला गुणाजीबाबांकडे सोडू लागलो. तिथे हातोडे होते, खिळे होते, चुलीवर तापत असलेलं डांबर होतं. पण तिथे गुण मिळणार नव्हते, त्यामुळे तिथला धोका वेगळ्या प्रकारचा होता. शिवाय मी दर चार मिनिटांनी खिडकीतून बघत होते. (रविवारी सरासरी तासाला पंधरा वेळा. तोफा वळायच्या आठवड्यात अकरा.)

तोफा वळणं सोपं नाही. कागदाचा चौकोन उदबत्तीच्या काडीवर गुंडाळायचा, कडेला गमचा एक थेंब, आणि शंभर आकडे होईस्तोवर दाबून धरायचं. बत्तीस वेळा. शिडांना फुगवटा यावा म्हणून ती ओलसर करून आमटीच्या वाटीवर पालथी घालायची. दोऱ्यांचे धागे उभे राहतात, म्हणून दोरा आधी मेणबत्तीवरून ओढून घ्यायचा. या सगळ्या युक्त्या मला इतर आयांकडून कळल्या. आमच्या ग्रुपची यात एक सुंदर रीत होती. कुणीही स्वतःच्या नावाने प्रश्न विचारत नसे.

"यशोधन विचारतोय, तोफेची नळी सुटते आहे, काय करू?" असं प्रणालीने एका बुधवारी सकाळी अकराला लिहिलं. (प्रणाली यशोधनची आई. यशोधन त्या वेळी शाळेत गणिताच्या तासाला होता.)

"आरोही म्हणते की उदबत्तीची काडी घे," आरोहीच्या आईने उत्तर दिलं.

"थँक यू आरोही बेटा."

अशा रीतीने आठ वर्षांच्या मुलांमध्ये भर शाळेच्या वेळात जहाजबांधणीवर उच्च दर्जाची चर्चा चालायची, आणि मुलांना तिचा काडीचा त्रास होत नसे.

आमच्या इराला मात्र त्रास होत होता. ती देवघरासमोर मागे हात बांधून उभी राहायची.

"आई, मी काय करू?"

"तू बघ."

"बघून झालं."

"मग पुन्हा बघ. नीट बघणं हीसुद्धा कला आहे."

"वर नाव कुणाचं लिहिणार?"

"तुझंच की गं."

"पण मी तर काहीच नाही केलं."

"म्हणून तर निदान नाव असू दे."

तिने उरलेल्या तुकड्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाली, "एक तुकडा तरी दे ना मला. सगळ्यात छोटा दे."

मी काही दगड नाही. ओंकार दुपारभर भागांची यादी घेऊन बसला आणि शेवटी त्याने भाग क्रमांक ६१२ मंजूर केला, म्हणजे मधल्या डोलकाठीच्या टोकावरचा झेंडा. कात्री नको, कटर नको, गमचे दोन थेंब. फ्रिजवरच्या कागदावर नोंद झाली : 'भाग ६१२. जबाबदार व्यक्ती, इरा (देखरेखीखाली).' इराने तो कागद तीनदा वाचला. मग तिने त्याचा फोटो काढायला लावला आणि गुणाजीबाबांना दाखवायला पळाली. पुढचे पाच आठवडे ती रोज विचारायची, "आज कितवा भाग चालू आहे?" तीनशे चौऱ्याऐंशी, मी सांगायचे. चारशे दोन. ती बोटांवर वजाबाकी करायची.

एक जानेवारीला सहाशे अकरावा भाग बसला. इराने हात साबणाने दोनदा धुतले, श्वास रोखला, आणि झेंडा लावला. जरासा वाकडा होता, पण बसला. मग दोन्ही हात वर करून ती मागच्या दाराने "गुणाजीबाबाऽ" करत सुटली.

ती गेल्यावर मी नीट पाहिलं. झेंडा पुढच्या बाजूला फडकत होता.

आता मी फिजिक्सची पदवीधर आहे. लग्नाआधी दोन वर्षं अकरावी-बारावीला शिकवलंय. वाहन पुढे जातं तेव्हा त्यावरचं कापड मागे उडतं, हे मला अलिबागपर्यंत स्कूटरवर जाताना माझ्या ओढणीने रोज सिद्ध करून दाखवलेलं आहे. मी चहाच्या पातेल्याच्या वाफेवर गम सैल केला, चिमट्याने झेंडा अलगद काढला आणि मागे फडकता लावला. यावेळी सरळ. आणि इतर मुलांची चूक होऊ नये म्हणून ग्रुपवर लिहिलं, "इरा सांगते आहे, झेंडा मागच्या दिशेने लावावा. फिजिक्सच्या नियमाप्रमाणे."

"थँक यू इरा बेटा," असे पंचवीस निरोप आले.

तेवढ्यात इरा गुणाजीबाबांचा हात धरून घेऊन आली, आपलं काम दाखवायला. गुणाजीबाबा उंबऱ्याबाहेर चपला काढून वाकून उभे राहिले. बराच वेळ पाहिलं त्यांनी.

"झ्याक हाय," ते म्हणाले. "पान्यात न्हाय ना सोडायचा?"

"नाही हो. प्रदर्शनात ठेवायचंय."

"मंग झ्याकच हाय." जरा थांबून म्हणाले, "पन वयनी, शिडात वारा मागनं भरलाय न्हाय का? मंग झेंडा वाऱ्याच्या तोंडावर कसा चालला? वारा जिकडं जाईल तिकडंच झेंडा जाईल की."

"बाबा, त्याचं एक शास्त्र असतं," मी हसून म्हणाले.

"व्हय का? असंल, असंल," गुणाजीबाबा म्हणाले. त्यांचं शिक्षण चौथी. त्यांच्याशी जास्त वाद घालणं बरं दिसलं नसतं.

इरा झेंड्याकडे बघत होती. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. तिने फक्त फ्रिजवरच्या कागदाकडे एकदा पाहिलं आणि ती गुणाजीबाबांच्या मागोमाग निघून गेली. त्यानंतर तिने एकदाही विचारलं नाही की जहाज कुठवर आलं. मी खिडकीतून बघत होते. ती होडीच्या फळ्यांच्या फटीत कापूस ठासत होती, आणि गुणाजीबाबांनी तिला काठीला चिंधी बांधून दिली होती, डांबर फासायला. त्यांनी तिला परवाना दिलेला दिसला नाही.

प्रदर्शनाला चार दिवस उरले असताना दुसरी सूचना आली.

"मागील वर्षी एका ज्वालामुखीच्या तळाशी दुकानाची किमतीची चिठ्ठी आढळल्याने यंदा प्रवेशद्वारावर विद्यार्थ्यांच्या बोटांची तपासणी होईल. ज्यांच्या बोटांवर गम, रंग वा तत्सम निर्मितीचिन्हे आढळतील, त्यांचीच प्रतिकृती ग्राह्य धरण्यात येईल."

मला सांगायला अभिमान वाटतो की आमच्या ग्रुपवर घबराट पसरली नाही. दहा मिनिटांत प्रणालीने पद्धत लिहून पाठवली. गम सकाळी लावायचा, पण दूध पिऊन झाल्यावर, नाहीतर पोटात जातो. अंगठा आणि पहिली दोन बोटं पुरेत. पाचही बोटं भरली तर बनाव वाटतो. अर्धवट वाळू द्यायचा, म्हणजे सालं निघतात आणि मेहनत दिसते.

शनिवारी सकाळी मी इराला समोर बसवलं. तिचे हात मनगटापर्यंत काळे होते. नखांत डांबर, तळव्यावर दोन फोड, एका बोटाला दोरीचा ओरखडा.

"हे काय गं! असे हात घेऊन शाळेत जातात का?"

खोबरेल तेल, मग राख, मग साबण. डांबर सहजी जात नाही. अर्धा तास घासावं लागलं. हात स्वच्छ झाले, तेव्हा मी अंगठ्यावर आणि दोन बोटांवर गम लावला आणि फुंकर घालून वाळवला.

"आई, हे खोटं आहे का?"

"छे गं, खरा गम आहे. आता सांग, जहाज कुणी केलं?"

"मी."

"मोठ्याने. डोळ्यात बघून."

"मी!"

"छान."

रिक्षा गावातल्याच अनंताची होती. ओंकारने जहाजासाठी पुठ्ठ्याचं खोकं केलं होतं, त्यावर दोन्ही बाजूंना 'नाजूक वस्तू' आणि वर जाण्याच्या दिशेचा बाण. मी ते मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी कवटाळून बसले. इरा कडेला, दांडीला धरून. चौलच्या पुढे रस्ता खोदलेला होता. पहिल्याच खड्ड्यात इरा अर्धी बाहेर.

"वहिनी, पोरीला धरा की!" अनंता आरशातून ओरडला. "जहाजाला काय धरता? त्याला एवढ्या डोलकाठ्या आहेत!"

मी कोपर पुढे करून इराला अडवलं. कोपर रिकामं होतं.

प्रवेशद्वारावर तेजस्वी मॅडम भिंग घेऊन बसल्या होत्या. एक्केचाळीस मुलांची बोटं तपासण्यात आली. एक्केचाळीस मुलांच्या अंगठ्यावर आणि पहिल्या दोन बोटांवर गम आढळला. अहवालात 'शंभर टक्के निर्मितीचिन्हे' अशी नोंद झाली. एवढा निकाल आमच्या शाळेचा दहावीलाही लागत नाही.

आत टेबलांवर एक्केचाळीस जहाजं. त्यातली सव्वीस आमच्याच संचाची. समुद्रलक्ष्मी, जलराणी, दर्यादौलत, आणि अशाच आणखी तेवीस भगिनी. सव्वीस वेळा बत्तीस तोफा. पालक भिंतीला लागून उभे होते, मदत न करता.

परीक्षक म्हणून बाळाजीकाका आले होते. तीस वर्षं बोटीवर नोकरी केली, आता नागावला सुपारीची बाग सांभाळतात. ते चष्मा पुसत टेबलावरून टेबलाकडे गेले. मग मध्यावर येऊन थांबले.

"काम फार छान आहे," ते म्हणाले. "फक्त एक सांगा मला, बाळांनो. शिडांत वारा मागून भरलाय. आणि सव्वीसच्या सव्वीस झेंडे वाऱ्याच्या उलट उडतायत. हे कसं झालं?"

पंचवीस आयांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"एकानेसुद्धा झेंडा बरोबर नाही लावला?"

"मी लावला होता," इरा म्हणाली.

बाळाजीकाका तिच्याजवळ गेले. "हा मागे आहे, बाळा."

"मी पुढे लावला होता. आईने काढून मागे लावला." तिने माझ्याकडे पाहिलं, मग शिकवल्याप्रमाणे त्यांच्या डोळ्यात पाहिलं. "जहाज आईबाबांनी केलं. मी फक्त झेंडा केला होता. आता तोपण नाही."

"मग हा गम?"

"आईने लावला. मी गुणाजीबाबांच्या होडीला डांबर लावलं होतं, पण ते आईने धुतलं."

एका आईच्या पर्समध्ये गमच्या नळीचं टोपण पडल्याचं सभागृहभर ऐकू आलं.

बाळाजीकाकांनी इराचा हात हातात घेतला, उलटा केला, तळव्यावरचे फोड पाहिले. मग त्यांनी परीक्षकाच्या कागदावर काहीतरी लिहिलं, तो तेजस्वी मॅडमकडे दिला आणि बागेला पाणी सोडायचंय म्हणून ते निघून गेले.

निकाल मात्र शाळेच्या समितीने लावला. समितीचं म्हणणं तर्काला धरून होतं. चाळीस प्रतिकृतींच्या बाबतीत पालकांच्या सहभागाचा कोणताही पुरावा नव्हता. केवळ एका प्रतिकृतीच्या बाबतीत विद्यार्थिनीचा स्पष्ट कबुलीजबाब होता. सबब समुद्रलक्ष्मी बाद. डांबराबाबत समितीने नमूद केलं की ते निर्मितीचिन्हांच्या यादीत येत नाही, आणि प्रदर्शनाच्या वेळी आढळलेलंही नाही. पहिलं बक्षीस यशोधनला. फलकावर त्याचं नाव लिहिलं गेलं, प्रणालीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तेही साहजिक होतं. तोफा वळून तिचा अंगठा अजून सुजलेला होता.

ग्रुपवर आता माझ्याशी कुणी बोलत नाही. ओंकारने नेहमीच्या नमुन्यात दुर्घटना अहवाल तयार केला. 'मूळ कारण' या रकान्यात त्याने लिहिलं, 'पाल्यास विचारलेल्या प्रश्नाचे पाल्याने उत्तर दिले.' 'पुन्हा घडू नये यासाठी उपाय' हा रकाना अजून कोरा आहे. सूचनापुस्तिकेच्या शेवटच्या पानावर रंगीत चित्र होतं, तेही मी घरी आल्यावर पाहिलं. झेंडा पुढे होता.

त्याच दुपारी भरतीला गुणाजीबाबांची होडी पाण्यात उतरली. इराने गणवेश न बदलता तिला हात लावून ढकलली. होडी गळली नाही.

परत येताना ती साठ पावलं माझ्या पुढे चालली. दाराशी आल्यावर तिने विचारलं, "आई, मी चुकले का गं? पुढच्या वेळी मी म्हणेन, मीच केलं. अगदी डोळ्यात बघून म्हणेन. मग चालेल?"

मी दोन वर्षं वर्गात उभी राहून उत्तरं दिलेली बाई. मी म्हणाले, "आधी हात धू."

तिने हात पुढे केले. ते स्वच्छ होते. मीच धुतले होते.

तर अशी हकीकत आहे. आपण ती हसत वाचलीत, याचा आनंद आहे. असे पालक असतात खरे. आता जरा उठून आपल्या कपाटाच्या वरच्या फळीवरून तो किल्ला खाली काढा, किंवा ती सूर्यमाला, किंवा जे काही असेल ते. खाली मुलाचं नाव आहे ना? अक्षर कुणाचं आहे, ते बघू नका. मुलाला हाक मारा आणि सहज विचारा, हे कुणी केलं होतं रे?

ते जर क्षणभर घुटमळलं, तर अजून वेळ गेलेली नाही. आणि ताडकन, मोठ्याने, आपल्या डोळ्यात बघून 'मी' म्हणालं, तर आपलं अभिनंदन. त्याची बोटं तपासायची आता काही गरज नाही.